ओहोटी कितीची आहे?

निवांत सहलीची आखणी हा मराठी घरातला सर्वांत अशांत काळ असतो. लग्न ठरवताना निदान राग काढायला समोर दुसरी बाजू असते. सहलीत सगळे आपलेच. त्यातून सहल रायगडच्या किनाऱ्याची असली की प्रत्येकाला तिथलं सगळं ठाऊक असतं, कारण प्रत्येक जण शाळेच्या सहलीतून अलिबाग बघून आलेला असतो आणि प्रत्येकाच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी नागावला 'अगदी घरच्यासारखं' असतं.

खरा दोष नकाशाचा आहे. मांडवा, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही गावं नकाशावर इतकी खेटून बसली आहेत की एका बोटाने सगळी झाकता येतात. मग बोट ठेवणाऱ्याला वाटतं, जे बोटाखाली मावतं ते शनिवार-रविवारमध्येही मावेल. "वाटेतच तर आहे" आणि "एवढं आलोच आहोत तर" या दोन वाक्यांनी जेवढ्या सहलींचा जीव घेतला, तेवढ्यांचा पावसानेही घेतला नसेल.

आमच्याकडे आखणीचं खातं भाऊजींकडे असतं. म्हणजे ताईचे यजमान. ते एका कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघतात, त्यामुळे माणसं आणि नटबोल्ट यांत ते फारसा भेद करत नाहीत. 'या वेळी धावपळ नको, नुसतं पडून राहायचं' असा ठराव घरच्या बैठकीत एकमताने मंजूर झाला, आणि त्याच रात्री भाऊजींनी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक्सेलचा तक्ता टाकला. त्यात थांबे होते, दोन थांब्यांमधलं अंतर होतं, लघुशंकेची ठिकाणं पिवळ्या रंगात होती, आणि एका चौकोनात लिहिलेलं होतं : 'काशीद. १०.४० ते ११.१०. निवांतपणा.'

"अहो, अर्ध्या तासात माणूस निवांत कसा होईल?" ताईने विचारलं.

"मग कोर्लई काढावं लागेल," भाऊजी म्हणाले.

पण कोर्लई काढता येत नव्हतं, कारण भाच्याला तिथल्या दीपगृहापाशी फोटो काढायचा होता. चौल काढता येत नव्हतं, कारण आईला दत्ताच्या टेकडीवर जायचं होतं. त्या टेकडीला काही शे पायऱ्या आहेत आणि आईचे गुडघे गेली काही वर्षं घरातल्या सोफ्याशीही असहकार करतात, ही बाब तिच्या लेखी गौण होती. मुरूड काढलं तर जंजिरा जातो, आणि जंजिरा न बघता आलेल्या माणसाला शेजारी माणूस म्हणत नाहीत. अशा रीतीने पडून राहायच्या सहलीत बारा थांबे झाले आणि पडायला जागा उरली नाही.

मग प्रश्न आला, जायचं कसं. या बाबतीत मुंबईकरांत तीन पंथ आहेत. पहिला महामार्गपंथ. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि दशक उलटलं तरी संपलं नाही. तेव्हा बालवाडीत असलेली मुलं आता स्वतः गाडी चालवत त्याच खड्ड्यांतून जातात. या पंथाचं श्रद्धास्थान वडखळ नाका. तिथे गाड्यांची रांग लागणारच, म्हणून बटाटावडा खायचा, आणि बटाटावडा खायला सगळे थांबतात, म्हणून रांग लागते. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला तेव्हा या पंथात चैतन्य आलं. जवळजवळ २२ किलोमीटरचा पूल! आता माणूस वीसेक मिनिटांत खाडी ओलांडतो आणि वाचलेला वेळ वडखळला जाऊन भरतो.

दुसरा लाँचपंथ. गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याला तासाभरात. हे लोक स्वतःला शहाणे समजतात आणि बऱ्याच अंशी असतातही. त्यांचा वेळ समुद्रपक्ष्यांना वेफर्स भरवण्यात जातो. माणसाची भूक भागवायला आणलेली पिशवी मांडवा दिसायच्या आत पक्षी संपवतात, आणि उतरल्यावर पोरं "भूक लागली" म्हणतात. पावसाळ्यात ही लाँच बंद, म्हणून जून ते ऑगस्ट हा पंथ भूमिगत असतो. तिसरा रो-रोपंथ. भाऊच्या धक्क्यावर गाडीसकट बोटीत चढायचं आणि मांडव्याला गाडीसकट उतरायचं. ही सेवा २०२० च्या मार्चच्या मध्यावर सुरू झाली आणि पुढच्याच आठवड्यात देशाला टाळं लागलं. "कुणी काढला असेल हा मुहूर्त?" काकूने त्या वेळी विचारलं होतं, आणि मला वाटतं ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतच बोलत होती.

काकूचं माहेर आक्षीचं. तक्ता तयार झाला, छापला गेला, सगळ्यांनी आपापला रंग शोधला, आणि मग काकूने चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारला : "ओहोटी कितीची आहे?"

लोकल विचारावी तशी तिने ओहोटी विचारली. भाऊजींच्या तक्त्यात टोलनाक्यांचे दर होते, पण समुद्राला रकाना नव्हता.

या किनाऱ्यावर दोन गोष्टी अशा आहेत की पाण्याने वाट दिल्याशिवाय त्या घडत नाहीत. एक, अलिबागचा कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जा, घोडागाडीने जा. भरतीला तो बेट होतो आणि आत गेलेल्यांना आत ठेवून घेतो. दुसरी, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. देवळामागून डोंगर चढायचा, खडकातल्या अरुंद पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि लाटांनी जाळीदार केलेल्या कातळावरून समुद्र डावी-उजवीकडे ठेवत परत यायचं. भरतीच्या वेळी तिथे जाऊ नये असं सांगणारा फलक आहे, आणि तो गंमत म्हणून लावलेला नाही.

"तिथीला पाऊणाने गुणा," काकू म्हणाली. "येईल ती पूर्ण भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवा, झाली ओहोटी. माझे वडील एवढ्यावर आयुष्यभर होडी नेत आले."

हिशोब खरा आहे. चंद्राचा दिवस आपल्या दिवसापेक्षा पन्नासेक मिनिटांनी मोठा, म्हणून भरती रोज जवळपास तेवढी पुढे सरकते. पाऊणपटीत ती मोजली की काही मिनिटांची चूक राहते, आणि कोकणात काही मिनिटांना चूक म्हणत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. म्हणून ओहोटी नवाला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं तेव्हापासून ही सगळी माहिती आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली होती. दूधवाल्याचे खाडे लिहिण्यापलीकडे आम्ही तिचा उपयोग केला नव्हता.

भाऊजींनी सूत्र तक्त्यात घातलं, आणि सहलीला खरी कीड लागली ती इथून.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी लांबवर ओसरतं, किल्ल्याची वाट छान कोरडी होते, पण ओहोटी सहाची. पहाटे सहाला आमच्यातलं कुणी उठत नाही आणि संध्याकाळी सहाला किल्ल्यात जाणं शहाणपणाचं नाही. अष्टमीला भांगाची भरती. पाणी धड चढत नाही, धड ओसरतही नाही, आणि ओहोटी ऐन बाराला. त्या वेळी वाळू इतकी तापलेली असते की पापड भाजून निघेल. सगळ्यांत सोयीची चतुर्थी. सकाळी नवाला पाणी गेलेलं, नाश्ता करून निघायचं, किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यायचं, साडेदहाच्या आत परत.

"वा! म्हणजे संकष्टीला दर्शन," आईने हात जोडले.

हात जोडले गेले तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. संकष्टी म्हणजे चंद्रोदयापर्यंत उपास. अलिबागला जायचं, समोर पापलेट आणि कोळंबी उड्या मारणार, आणि आपण वेफर्सच्या पिशवीवर 'उपवासाचे' लिहिलंय का ते वाचत बसणार. शुक्ल पक्षातली चतुर्थी घ्यावी तर ती विनायकी. आई तीही करते.

इथे रायगडच्या सहलीचं खरं गणित समोर येतं. ते समुद्राचं नसून वारांचं आहे. सोमवार आईचा. मंगळवार ताईचा. गुरुवार काकूचा. शनिवार भाऊजींचा, कारण त्यांना कुणीतरी शनी सांगितला आहे. मासे खायला घरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार एवढे तीनच वार शिल्लक. त्यातून श्रावण वजा, मार्गशीर्ष वजा, एकादश्या वजा. पावसाळा वजा, कारण लाँचही बंद आणि जंजिऱ्याच्या होड्याही. मे महिना वजा, कारण त्या घामट उकाड्यात माणूस आंबा आणि पंखा यांपलीकडे काही बघत नाही. जोडून सुट्ट्या येतात ते शनिवार-रविवार वजा, कारण तेव्हा मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरं काशीदच्या किनाऱ्यावर समोरासमोर गाड्या लावून उभी असतात. उरली ती हिवाळ्यातली एखादी पंचमी, शुक्रवारी किंवा रविवारी पडणारी. ओहोटी पावणेदहाची, उपास कुणाचा नाही, वालाच्या शेंगा आलेल्या असल्यामुळे पोपटीही मिळेल. भाऊजींनी असा दिवस शोधून काढला. त्या दिवशी भाच्याची परीक्षा होती.

"मामा, तुम्ही जा, मी अभ्यास करतो," भाचा म्हणाला. हे वाक्य त्याने याआधी कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि परीक्षेनंतरची पंचमी धरली गेली.

एवढ्या खटाटोपात मला या किनाऱ्याचा इतिहास आठवत राहिला आणि जरा धीर आला. आराखडा घेऊन इथे आलेलं आणि तो पार पाडून गेलेलं माणूस मला तरी त्या इतिहासात सापडलं नाही.

पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. बरोबर विकायला एक घोडा होता. घोड्याला हिंदुस्थानात मोठी किंमत येते आणि तिथून आपल्या देशात खपेल असा माल मिळतो, हे त्याला वाटेत भेटलेल्या व्यापाऱ्यांनी सांगितलेलं. इथे पोचल्यावर त्याला कळलं की त्या लोकांनी थापा मारल्या. आपल्या उपयोगाचं इथे काही नाही, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. खोलीचे फोटो एक आणि प्रत्यक्ष खोली एक, हा अनुभव या किनाऱ्यावर पहिला लिहून काढला तो त्याने. पुढे तो जुन्नरला गेला, तिथे पावसाने त्याला अडकवून ठेवलं आणि तिथल्या सुभेदाराने घोडा काढून घेतला. बऱ्याच मिनतवारीने तो परत मिळाला. त्याच्याकडे तक्ता असता तर 'जुन्नर : अर्धा दिवस' असंच लिहिलेलं असतं. आज रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे.

त्याच रेवदंड्यात पोर्तुगीज आले. व्यापारापुरते आले म्हणता म्हणता कोट बांधला, चर्च बांधलं, आणि १७४० मध्ये मराठ्यांनी घालवेपर्यंत हलले नाहीत. मुक्काम वाढवावा तर असा. ते गेले, पण कुंडलिका खाडीपलीकडच्या कोर्लईत त्यांची बोली राहिली. तिथली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीज आणि मराठी एकमेकांत मुरलेली भाषा बोलतात. अडीचशेहून अधिक वर्षं एखादं गाव आपली बोली जपतं, आणि आपण पंधरा मिनिटं थांबून दीपगृहापाशी फोटो काढून निघतो.

अलिबागची गोष्ट तर निवांतपणाच्या दृष्टीने पायाभूत मानायला हवी. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करणारी वेधशाळा होती. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं. विजेच्या गडबडीत नाजूक सुया थरथरणार, म्हणून १९०४ साली ही मोजणी अलिबागला हलवली. इमारतही लोखंड टाळून बांधली. म्हणजे मुंबईच्या कटकटीला कंटाळून अलिबागला शांततेसाठी घर करणारा पहिला रहिवासी ही एक चुंबकसूची होती. नटनट्या, उद्योगपती आणि क्रिकेटपटू नंतर आले. सुई अजून तिथेच आहे. आपण तिच्या शेजारच्या किनाऱ्यावर ब्लूटूथचा स्पीकर घेऊन जातो.

आणि या शहाण्या गावाला हिंदी सिनेमाने 'अलिबागसे आया है क्या' असं विचारून बावळट ठरवलं. २०१९ साली एका अलिबागकराने या संवादाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नये, असा एकूण सूर होता. माझ्या मते याचिकेची गरजच नव्हती. मांडव्याच्या जेट्टीवर शनिवारी सकाळी उतरणाऱ्या मुंबईकरांच्या घोळक्याकडे पाहावं. टोपी आहे, गॉगल आहे, रबरी बदक आहे, आणि परतीच्या लाँचची वेळ कुणालाच माहीत नाही. कुठून आले आहेत हे विचारायची पाळी आता अलिबागकरांची.

शेवटी ती पंचमी आली, आम्ही निघालो, आणि मुरूडला प्रश्न वेगळा निघाला. जंजिरा कुणाला जिंकता आला नाही. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभा केला, संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव टाकून वाट करायचा घाट घातला, तरी सिद्दी हलला नाही. १९४८ साली संस्थानं विलीन झाली तेव्हाच तो प्रश्न मिटला. आमच्या काकूने मात्र हा किल्ला बसल्या जागी नमवला. राजपुरीहून शिडाची होडी निघते ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि किल्ल्याच्या दाराशी पोचल्यावर वरखाली होत असते. उतरणाऱ्याने लाट वर आली की पाय टाकायचा आणि पायरीवरच्या माणसाचा हात धरायचा. काकू म्हणाली, "मी होडीतच बसते. मला इथून दिसतोय." आणि खरंच, आम्ही आत कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव आणि पडक्या महालाच्या भिंती बघत गाइडच्या मागे घामाघूम पळत होतो तेव्हा होडीत वारा घेणाऱ्या काकूला होडीवाल्याने निम्मा इतिहास सांगून टाकला होता. आमच्या गाइडने तितक्यात पाऊण इतिहास सांगितला, पण त्यातला निम्मा दुसऱ्या किल्ल्याचा होता.

मुरूडच्या पुढे आगरदांडा, आणि आगरदांड्याला भाऊजींचा तक्ता संपला. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी. खाडीला रस्त्याने वळसा घालायचा तर अख्खी दुपार जाते, म्हणून जंगल जेट्टी. मोठा सपाट तराफा यावा तशी बोट येते, जबडा उघडते, मोटारी, मोटरसायकली, टेम्पो, कोळणींच्या पाट्या सगळं पोटात घेते आणि निघते. पुढची बोट कितीची? "आली की निघंल," असं उत्तर मिळालं. भाऊजींनी कागद घडी करून खिशात ठेवला. वारा होता. आई भिंतीवर पाय सोडून बसली. ताईने वाळत घातलेल्या सोड्यांचा भाव केला. भाच्याने फोन काढला, रेंज नव्हती, परत ठेवला. तक्त्यातल्या कुठल्याही चौकोनात न लिहिलेला निवांतपणा सबंध सहलीत तिथेच मिळाला, आणि तो सक्तीचा होता.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांनी मुख्यमंत्री असताना पाहिलं, १९८० च्या सुमारास. खाड्यांवरचे पूल तेव्हापासून कागदावर येत-जात राहिले, आता ते प्रत्यक्षात होऊ घातले आहेत. व्हायलाच हवेत. पलीकडच्या गावच्या बाळंतिणीने बोटीची वाट का पाहावी? पण पूल झाला की पर्यटकाला जबरदस्तीने बसवून ठेवणारी ही शेवटची सोय जाईल आणि तो मुरूड-हरिहरेश्वर एका दमात उरकेल.

दिघीपलीकडचा मुलूख सुपारीच्या वाड्यांचा. दिवेआगरला अशाच एका वाडीत १९९७ साली तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावाचं नाव महाराष्ट्रभर झालं. २०१२ च्या दरोड्यात तो गेला, दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले. २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची स्थापना झाली. मधे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यात जमीन गाठली आणि पिढ्यांनी वाढवलेल्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या केल्या. पोफळ फळायला वर्षं लागतात, कर्जाचा हप्ता महिन्याला येतो. म्हणून वाडीतल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणं आणि ताटं वाढणं हा इथे हौसेचा मामला नाही. तिथे 'वायफाय नाही का?' असं जरा हळू आवाजात विचारावं.

ताटांचा विषय निघालाच आहे, तर या किनाऱ्याचं दुसरं वेळापत्रकही सांगतो. ते कुठल्याही कॅलेंडरमध्ये छापत नाहीत. वाडीतल्या वहिनी सकाळीच विचारतात, "दुपारी ताटं किती? शाकाहारी किती? मोदक हवेत?" याचं उत्तर नऊच्या आत द्यायचं. साडेअकराला 'बघू, फिरून येतो मग सांगतो' म्हणणाऱ्यासाठी कुणी नारळ खवत नाही. मोदक हवे असतील तर आदल्या रात्रीच सांगावं लागतं. तांदळाची भाकरी, बोंबील, सोलकढी, वालाचं बिरडं, सगळं सांगितल्यावरच चुलीवर चढतं. इथे मेन्यूकार्ड नसतं, आश्वासन असतं, आणि ते दोन्ही बाजूंनी पाळायचं असतं. जेवण झालं की एक ते चार सबंध गाव झोपतं. दुकानदार झोपतो, कुत्री झोपतात. त्या वेळात 'जवळपास बघण्यासारखं काय आहे?' असं विचारत फिरणाऱ्या माणसाकडे एक डोळा उघडून बघितलं जातं, आणि त्या एका डोळ्यात पुष्कळ काही असतं.

श्रीवर्धनला भाऊजी म्हणाले, "हे पेशव्यांचं मूळ गाव." ते खरं. बाळाजी विश्वनाथ भट इथले देशमुख. सिद्दीशी बिनसलं, ते घाटावर गेले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. एका माणसाने श्रीवर्धन सोडलं म्हणून पुण्याचं भाग्य उजळलं. आता अख्खं पुणे दर शनिवारी उलटं श्रीवर्धनला येतं आणि विचारतं, "इथे पार्किंगची काही शिस्त नाही का?"

हरिहरेश्वर राहिलं. पंचमीला निघालेलो आम्ही तिथे पोचेपर्यंत तिथी पुढे सरकली होती आणि तिच्याबरोबर ओहोटीही. अलिबागला पावणेदहाची मिळालेली, ती इथे टळटळीत बाराची. आणि भांगाची, म्हणजे खडक अर्धा पाण्यातच. समुद्राने आम्हाला साधा त्रैराशिकाचा धडा घालून दिला : जितके थांबे वाढवाल तितकी ओहोटी उन्हात जाईल. आईने काळभैरवाचं आणि हरिहरेश्वराचं दर्शन घेतलं, तापलेल्या कातळाकडे नजर टाकली आणि बसल्या जागीच स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली. देवाने ती मान्य केली असावी, कारण त्यानंतर तिचे गुडघे दोन दिवस बोलले नाहीत. "जावईबापू," ती भाऊजींना म्हणाली, "पुढच्या वेळी एवढंच करू या का? बाकीचं काही नको."

जावयाने सासूचं ऐकावं अशी रीत आहे, म्हणून भाऊजी हो म्हणाले. नवा तक्ताही त्यांनी केला आहे. त्यात दोनच ओळी आहेत, आणि मी तोच तुम्हाला देतो. मुक्काम दोनच ठेवा : एक खाडीच्या अलीकडे, एक पलीकडे. निघण्याआधी तिथी बघा, पाण्यात पाय घालण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा, आणि ताटं किती ते सकाळी नऊच्या आत सांगा. जे बघायचं राहील ते राहू द्या. जंजिरा इतकी वर्षं कुणाच्या हाती लागला नाही, तो तुमच्यासाठी थांबेल. दिघीची बोटही थांबेल, निदान पूल होईपर्यंत.